चकमकीची बंदूक कोणती घ्यावी?

साताऱ्या-सांगलीकडच्या, पण सध्या पुण्यात कीबोर्ड बडवणाऱ्या आम्हा मंडळींमध्ये हल्ली एक नवीन खूळ शिरलंय. जुन्या बंदुकांचं. अमेरिकेतल्या कुणाचा तरी व्हिडिओ फिरत येतो. त्यात एक दाढीवाला बाबा शिंगातून दारू ओततो, गजाने ठासतो, चाप ओढतो. आधी फुस्स, मग धडाम, आणि धुराचा लोट. मग चहाच्या टपरीवर चर्चा. आपणही एक घ्यावी राव, चकमकीची, गुळगुळीत नळीची. थोडी शिकार, थोडी हौस. कोणती बरी पडेल?

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या धंद्यात आपण क्लायंटला रोज ऐकवतो, आधी रिक्वायरमेंट सांगा, टूल नंतर ठरवू. इथे टूल आधीच आवडलंय आणि रिक्वायरमेंटचा शोध चालू आहे!

तरी ही चीज आहे काय ते बघू. हिच्या घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा धरलेला असतो. चाप ओढला की गार पोलादी पट्टीवर आपटून घासते, ठिणग्या खालच्या वाटीतल्या रंजकीवर पडतात, ती भडकते आणि बारीक छिद्रातून आग नळीतल्या दारूपर्यंत पोचते. कधी पोचत नाही. मग नुसती रंजक उडते आणि बार होतच नाही. नळीला आतून आटे नसल्यामुळे गोळीला फिरकी मिळत नाही. पन्नास मीटरच्या पुढे नेम कमी आणि नशीब जास्त. फायदा एकच, त्याच नळीतून एक गोळी घाला नाहीतर मूठभर छर्रे, दोन्ही चालतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणींकडे हीच होती, पाऊण इंची नळीची. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईतही चकमकीच्याच बंदुका होत्या. कवायतीत मुरलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. आपल्यासारख्याला एक जमला तरी खूप.

आणि पाऊस? जुलैत कोयनेच्या बाजूला जिथे काडेपेटी पेटत नाही, तिथे उघड्या वाटीतली रंजक काय पेटणार? याच दुखण्यांवर इलाज म्हणून पुढे टोपी आली. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश पाद्रयाने ठोका बसताच पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, आणि त्यातूनच पुढे तांब्याची टोपी निघाली. आपल्या गावांत अजून दिसते ती ठासणीची बंदूक बहुधा या टोपीच्याच जातीची. तेव्हा 'आमच्या आजोबांकडे होती तशी चकमकीची' म्हणणाऱ्यांनी एकदा घोड्याचा जबडा बघून घ्यावा.

आता कायद्याची गंमत बघा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. खरोखर पीक राखण्यासाठी कुणी परवाना मागितला, तर कायद्याच्या नजरेत पहिली येते ठासणीची बंदूक. ती पुरणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. म्हणजे २१ व्या शतकातही कायदा मुद्दाम मागासलेलं यंत्र पुढे करतो. माझ्या मते हे शहाणपणाचं आहे. एक बार झाला की पुन्हा दारू, बोळा, छर्रे, गज, टोपी. तेवढ्या वेळात डोकं थंड होतं. भावकीच्या भांडणात हा वेळ लाखमोलाचा आहे.

अशीच गोष्ट पार अमेरिकेत सापडते. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७४ पासून हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. टोपीचीसुद्धा नाही. तिथेही कायद्याने मुद्दाम जुनं हत्यार निवडलंय, कारण शिकार अवघड राहावी. व्हिडिओतल्या त्या बाबाची हौस अशा हंगामांवर पोसलेली असते. हरणं किती मारायची, कुठे, कोणत्या तारखांना, सगळं तिथलं राज्य ठरवतं.

आपल्याकडे असा हंगामच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवाना काढून शिकार करायला थोडी जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. आता गवा किंवा मोर मारला तर कमीत कमी तीन वर्षं आत, जास्तीत जास्त सात. त्यात आपल्या दोन जिल्ह्यांच्या पश्चिम कडेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तेव्हा शिकारीला कोणती बंदूक घ्यावी, याचं उत्तर: कोणतीही नाही. विषय संपला.

पण पाटण आणि शिराळ्याच्या शेतकऱ्याचा विषय संपत नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत भुईमूग उकरून टाकतो, मका आडवा करतो, उसात घुसून बसतो. पुण्यात बसून 'निसर्गाचा समतोल' वगैरे बोलणं सोपं आहे. ज्याची चार महिन्यांची मेहनत गेली त्याच्यासमोर बोलून दाखवा. कायद्यात इथे वाट आहे, कलम ११ खाली पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकृत अधिकारी रानडुकराबाबत परवानगी देऊ शकतो. ती लेखी आणि कारणासकट असावी लागते. नुसता बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

आमच्या घोळक्याशी माझं भांडण आहे ते इथेच. 'पीक राखायला' या शब्दांच्या आडून शनिवार-रविवारची शिकार करायची, चार मित्र, दोन गाड्या, रात्रीचा अंधार, आणि हातात असं हत्यार की ज्याचे छर्रे कुठे जातील ते छर्ऱ्यांनाच ठाऊक. डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. जखमी होऊन उसात शिरलेलं डुक्कर तर सकाळी तिथे तोडणीला किंवा पाणी द्यायला जाणाऱ्याच्या वाट्याला येतं. आपण तोवर हिंजवडीत पोचलेलो असतो.

'पण हत्यार आपल्या रक्तात आहे', हा एक ठरलेला डायलॉग. असेल बुवा. याच सातारा-सांगलीत १९४३ साली तुफान सेनेच्या पोरांनी शेणोलीला सरकारी खजिन्याची रेल्वे अडवली. त्यांना हत्यार कशासाठी हवंय हे नीट माहीत होतं. आपल्याला नाही, एवढाच फरक.

नेम धरण्याची ओढ खरी असेल, तर तिची सोय आहे. बालेवाडीत शूटिंग रेंज आहे, सुरुवात १० मीटर एअर रायफलने होते. शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिम्पिकचं कांस्य आणलं. कुणालाही त्यासाठी डुकरामागे धावावं लागलं नाही. गुळगुळीत नळीचीच हौस असेल तर ट्रॅप आणि स्कीट आहेत, बारा बोअरने उडत्या मातीच्या तबकड्या फोडायच्या. महाग आहे, पण आपण फोनवर किती उडवतो ते आठवा.

राहिला वारशाचा प्रश्न, तो आमच्याही घरात आलाय. आजोबांच्या नावावर ठासणीची एक बंदूक आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, की त्याच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. घरच्यांचं म्हणणं, थोरला नातू शिकलेला आहे, कागदपत्रं नीट करील, त्याच्याच नावावर करा. मी नाही म्हणालो. महिन्यातून दोन दिवस गावी येणाऱ्याच्या नावावर पिकाची बंदूक कशाला? रात्री माळ्यावर चुलतभाऊ जागतो, अर्ज त्याने करावा. त्यालाही ती बहुतेक आवाजापुरतीच लागते, छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार काढला की कळप पांगतो. बाकीच्या रात्रींसाठी कुंपणाला झटका मशीन बसवतोय, त्याचे आणि बॅटरीचे पैसे मी देणार आहे. माझ्या बजेटमध्ये चकमकीच्या बंदुकीसाठी ठेवलेली रक्कम तिकडे वळती झाली, असं समजा.