भिंतीपलीकडचं नेट

संध्याकाळी सात वाजले की आमच्या गल्लीतली एक कंपाउंडची भिंत भरून जाते. चार-पाच पोरं मान खाली घालून ओळीनं बसलेली असतात. बोलणं नाही, खोडी नाही, चेहऱ्यावर मोबाइलचा निळा उजेड. नवीन माणसाला वाटावं की कोणाकडे मयत झाली. पण मागच्या घरातल्या खिडकीत, टीव्हीच्या बाजूला, दोन कान उभे केलेला वाय-फायचा एक पांढरा डबा आहे आणि त्याला पासवर्ड नाही. घरमालक सांगतात, "होता न जी आधी. नातवाच्या फोनात टाकता येत नव्हता, म्हणून काढून टाकला."

ही पोरं चोर नाहीत, हे मी आधीच सांगतो. त्यातली दोघं भामरागडकडची आहेत, इथे गडचिरोलीत खोली करून शिकतात. एकाला पोलीस भरतीचा फॉर्म भरायचा असतो, दुसऱ्याला विद्यापीठाचा निकाल पाहायचा असतो, बाकीच्यांना रील. महिन्याचा रिचार्ज वीस तारखेलाच डोळे फिरवतो. मी स्वतः चंद्रपूरला खोली करून राहायचो तेव्हा तीन महिने खालच्या मजल्यावरच्या काकांचं नेट वापरलं. त्यांना कधी सांगितलं नाही. जिन्यात भेटले की नमस्कार मात्र वाकून करायचो. तेव्हा शेखी मिरवली, आज लाज वाटते. तर हे लिहिणारा धुतल्या तांदळाचा नाही, हे धरूनच पुढचं वाचा.

महावितरणच्या तारेवर आकडा टाकणाऱ्याला आपण काय म्हणतो? तोंडावर काही नाही, पण मनात म्हणतोच. आणि शेजाऱ्याच्या मीटरमधून कोणी वायर ओढली तर उघड भांडतो, कारण बिल कोणाच्या नावानं येणार हे आपल्याला कळतं. नेटचं बिल वापरावर वाढत नाही, महिन्याचे ठरलेले पैसे असतात. म्हणून वाटतं की यात कोणाचं काय गेलं. घरमालकाच्या मुलीचा ऑनलाइन क्लास अडकत असतो, ती कंपनीला शिव्या देत असते, आणि बाहेर भिंतीवर पाच जण क्रिकेट बघत असतात, एवढंच गेलेलं असतं. पण खरी गोष्ट वेगाची नाही, नावाची आहे.

२६ जुलै २००८. अहमदाबादेत संध्याकाळी एकामागून एक बॉम्ब फुटले, ५६ माणसं गेली. पहिल्या स्फोटाच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता, इंडियन मुजाहिदीनच्या नावानं. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाच्या घरी जाऊन पोचला. दहशतवादविरोधी पथक दारात उभं राहिलं. संगणक जप्त झाले, चौकशीच्या फेऱ्या झाल्या, देश सोडू नये म्हणून विमानतळांना नोटीस गेली. ऑगस्टमध्ये तो तरीही निघून गेला आणि त्याची वेगळी बोंब झाली. मेल त्यानं पाठवलाच नव्हता. घरातलं वाय-फाय उघडं होतं. कोणीतरी आसपास लॅपटॉप घेऊन बसलं, त्याच्या नेटवरून मेल धाडला आणि उठून गेलं.

तेवढ्यावर थांबलं असतं तर योगायोग म्हणता आला असता. पुढचे मेल वडोदऱ्याजवळच्या वाघोडियातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मग माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या आणि १३ सप्टेंबरला दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीच्या नेटवरून गेले. दर वेळी दार दुसऱ्याचं. त्याच वर्षी पोलिसांनी या मेलच्या प्रकरणात पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंताही पकडला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन रस्तोरस्ती उघडी वाय-फाय शोधत फिरले आणि मालकांना कुलूप लावा म्हणून नोटिसा देऊ लागले.

माग घरापर्यंत कसा पोचतो, ते समजून घ्या. आपल्या डब्याला कंपनी बाहेरच्या जगासाठी एक क्रमांक देते, त्याला आयपी म्हणतात. घरात दहा फोन असोत की भिंतीवरचे पाच धरून पंधरा, बाहेर सगळ्यांची ओळख तीच. रेशनकार्डासारखं आहे: घरात कितीही तोंडं असली तरी वर कुटुंबप्रमुखाचं नाव. अमुक दिवशी अमुक मिनिटाला तो क्रमांक कोणाकडे होता याची नोंद कंपनीकडे असते आणि पोलीस मागतील तेव्हा ती नाव-पत्त्यासकट बाहेर येते. पुढे घरातलं नेमकं कोण, हे सांगायला फक्त तो डबा उरतो. घरगुती डबे फार दिवसांची नोंद ठेवत नाहीत आणि लाइट गेली की बहुतेकांची पाटी कोरी होते. आता आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं, आणि पावसाळ्यात एक झाड पडलं की आमची गल्ली अंधारात! म्हणजे तुम्ही निर्दोष आहात हे सांगणारा एकुलता एक साक्षीदार रोज संध्याकाळी स्मृती घालवून बसतो. त्यातून नवे फोन दर नेटवर्कला आपली वेगळी खूण दाखवतात. नोंद सापडली तरी तो फोन कोणाचा, हे ओळखणं अवघडच.

सानपाड्यातल्या माणसाला देश सोडून जायची सोय होती. आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात दारात पोलिसांची गाडी येऊन उभी राहण्याचा अर्थ वेगळा आहे. एटापल्ली, धानोरा, कोरची या बाजूच्या लोकांना तो समजावून सांगावा लागत नाही. कोणाच्या फोनवरून कोणाला काय गेलं, या प्रश्नानं इथे माणसाची आयुष्यभराची पत जाऊ शकते. चौकशीत निर्दोष सुटलात तरी गाव महिनाभर तेच बोलत राहणार.

आणि हे फक्त बॉम्बवाल्यांचं काम नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात २००९ मध्ये एका शेजाऱ्यानं भांडणाच्या रागातून पलीकडच्या कुटुंबाचं वाय-फाय फोडलं. कुलूप होतं, पण जुन्या वेप पद्धतीचं, कच्चं. मग त्या घरधन्याच्या नावानं घाणेरडी चित्रं आणि उपराष्ट्राध्यक्षांना धमक्या पाठवल्या. घरधन्याच्या ऑफिसात सरकारी तपासनीस आले. त्यांच्या फर्मनं तज्ज्ञ लावून नेटवरची वाहतूक तपासली, तेव्हा शेजारी सापडला. २०११ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे धुऱ्यावरून तीन-तीन पिढ्या भांडतात. रागावलेला शेजारी काय करू शकतो, ते मी आणखी सांगत नाही.

आता भिंतीवरच्या पोरांशी बोलतो. बाबांनो, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ सांगतं की मालकाच्या किंवा ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकाच्या जाळ्यात शिरायचं नाही; शिरलात तर भरपाई. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "उघडं होतं म्हणून शिरलो" हा बचाव टिकेल की नाही ते वकील सांगेल. पण तो मांडायला आधी कोर्टात उभं राहावं लागेल, आणि पोलीस भरतीच्या फॉर्मवर गुन्हा दाखल आहे का असा एक रकाना असतो.

दुसरं असं की, ज्या नेटवर तुम्ही फुकट बसलात ते कोणाचं, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? नाव कोणीही काहीही ठेवू शकतो. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट 'रेलवायर' या रेल्वे स्टेशनवरच्या वाय-फायच्या नावानं चालू केला तर निम्मा फलाट मला येऊन चिकटेल. खऱ्या रेलवायरला मोबाइल नंबर आणि ओटीपी लागतो, माझ्या खोट्याला ई-मेलचा पासवर्ड लागेल! नेटच्या मालकाला तुम्ही कोणकोणत्या साइटवर गेलात ते बहुतेक वेळा कळू शकतं. बँकेच्या ॲपमधलं आतलं बोलणं कुलूपबंद असतं, ते त्याला वाचता येत नाही. पण तो तुम्हाला खोट्या पानावर नेऊन उभं करू शकतो, आणि घाईत कोण नीट वाचतं? शिवाय एकदा जोडलेलं उघडं नेट फोन लक्षात ठेवतो आणि पुढे त्या नावाचं काहीही दिसलं की न विचारता जाऊन जोडतो. सेटिंगमध्ये जा, जुनी उघडी नावं पुसून टाका, 'आपोआप जोडा' बंद करा. पैशाचं काम स्वतःच्या सिमवर करा, रेंज नसेल तर उद्या करा.

घरवाल्यांसाठी काम अर्ध्या तासाचं आहे. डबा उलटा करा. खाली स्टिकर असतो, त्यावर ब्राउझरमध्ये टाकायचा एक पत्ता (बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा त्याचा भाऊ) आणि आत जायचं नाव-पासवर्ड. आत जायचा पासवर्ड बऱ्याच डब्यांत 'ॲडमिन' असतो, तो आधी बदला. नाहीतर बाहेर कुलूप आणि किल्ली कुलुपालाच लटकलेली. सुरक्षेच्या जागी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा, वेप दिसलं तर ते नको. डब्ल्यूपीएस नावाचं बटण असेल तर बंद करा. वाय-फायचा पासवर्ड म्हणजे मोबाइल नंबर नव्हे, मुलाचं नाव आणि जन्मसाल नव्हे, आणि एक ते आठ आकडे ओळीनं तर नव्हेच. हा पासवर्ड मी या गावातल्या इतक्या घरांत पाहिला आहे की त्याला ग्रामदैवत म्हणायला हरकत नाही. आपल्या बोलीतले चार असंबद्ध शब्द जोडा: आजीची शिवी, गाईचं नाव, एखाद्या नाल्याचं नाव, काहीही. दुकानात पाटीवर लिहून लावू नका. भाडेकरू खोली सोडून गेला की बदला. सीसीटीव्हीचा डबाही याच नेटवर असतो. उघड्या नेटवर बसलेल्याला तुमचं अंगण दिसू शकतं, हे सांगितल्यावर आमचे घरमालक पहिल्यांदा ताठ बसले. आणि काही विचित्र घडलंच, तुमच्या नावानं भलतं काही गेलं, तर सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार लेखी करा, डबा तसाच ठेवा.

इथे कोणी म्हणेल, मग माणुसकी कुठे गेली? प्रश्न रास्त आहे. ब्रूस श्नायर नावाचे अमेरिकेतले नावाजलेले सुरक्षातज्ज्ञ आहेत. त्यांनी २००८ सालीच लिहिलं होतं की मी माझ्या घरचं वाय-फाय मुद्दाम उघडं ठेवतो, आल्या-गेल्याला नेट देणं हा साधा पाहुणचार आहे. मला ते आवडतं. पण श्नायर यांना आपला संगणक सांभाळता येतो आणि दारात पोलीस आले तर काय बोलायचं तेही येतं. आमच्या घरमालकांना दोन्ही येत नाही.

पाहुणचाराची आपली रीत आपल्यापाशीच आहे. मार्च-एप्रिलात मोह गळतो तेव्हा पहाटे जंगलात जाऊन पाहा. झाडाला कुंपण नाही, जमिनीवर फुलांचा सडा पडलेला, राखण करायला कोणी नाही. तरी गावात ठाऊक असतं, हे झाड अमक्या घराचं, ते तमक्याचं. दुसरा टोपली घेऊन तिथे बसत नाही. बसायचं असेल तर विचारतो, आणि अडलेल्याला बहुतेक नाही म्हणत नाहीत. पिढ्यान्पिढ्या हे कागदाशिवाय चाललं. वाय-फायसाठी वेगळी नीती शोधायची गरज मला तरी दिसत नाही. उघडं आहे म्हणजे आपलं आहे असं नाही, हे जंगलाच्या माणसाला कोणी शहरातून येऊन शिकवावं?

तेव्हा पोरांनो, विचारा. "काकाजी, फॉर्म भरायचा आहे, अर्धा तास नेट द्याल का जी?" एवढं वाक्य पुरतं. आणि घरवाल्यांनो, नव्या बऱ्याच डब्यांत 'गेस्ट' नावाची सोय असते. तिचा पासवर्ड वेगळा, घरच्या संगणकाशी आणि कॅमेऱ्याशी संबंध नाही, वाटेल तेव्हा बंद करता येते. ओळखीच्या पोराला तेवढी द्या, नाव आणि नंबर वहीत लिहून ठेवा. वही म्हटल्यावर राग येईल कोणाला, पण उद्या साक्षीला तीच उभी राहील. चौकातला दुकानदार असाल तर त्याहून सरळ रस्ता आहे. केंद्र सरकारनं ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत टपरीवालाही परवान्याशिवाय, फी न भरता वाय-फाय विकू शकतो. गिऱ्हाइकाची नोंद त्या व्यवस्थेतच होते. आणि ग्रामपंचायतीत सरकारच्या भारतनेटची जोडणी पोचून डबा कपाटात बंद असेल, तर तो बाहेर काढायला ग्रामसभेत उभं राहून विचारा. भिंतीवर बसण्यापेक्षा ते हक्काचं आहे.

आमच्या गल्लीत गेल्या महिन्यात हे झालं. घरमालकांच्या नेटला कुलूप लागलं, गेस्टच्या पासवर्डची चिठ्ठी निघाली. पोरं दोन दिवस रुसून दुसऱ्या गल्लीत गेली. मग त्यातला भामरागडचा एक जण फाटकाशी येऊन उभा राहिला, चप्पल काढू की नको अशा विचारात. घरमालकांकडच्या आजी सपरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आई काय करते ते विचारलं, मग चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, भिंतीवर कशाला बसता रे, सपरीत या. फक्त येताना फाटक लावून घ्या, बकऱ्या शिरतात.