उष्टे उडीद आणि उष्टें पाणी

छांदोग्य उपनिषदांत उषस्ति चाक्रायण याची गोष्ट आहे. कुरुदेशांत पिकें बुडालीं, अन्न मिळेना, तेव्हां हा विद्वान् ब्राह्मण आपल्या स्त्रीसह एका माहुताच्या गांवीं जाऊन राहिला. माहूत उडीद खात बसला होता. उषस्तीनें त्याच्या पात्रांतील उष्टे उडीद मागून घेतले व खाल्ले. परंतु माहुतानें पाणी पुढें करतांच तें उष्टें म्हणून नाकारलें. मग उडीद उष्टे नव्हते काय, असा माहुताचा साहजिक प्रश्न. उषस्तीचें उत्तर असें कीं, उडीद खाल्ले नसते तर प्राण गेला असता. पाणी मात्र हवें तेथें मिळण्याजोगें आहे.

ही कथा आमच्या वाचकांस नवी नसेल. ती आठवण्याचें कारण निराळें. सन २०२० च्या साथीपासून ‘आपद्धर्म’ हा शब्द आपल्या घरोघरीं फार सैल हातानें वापरला जाऊं लागला आहे. त्या दिवसांत जें जें केलें आणि जें जें टाळलें, त्या सर्वांवर या एका शब्दाचें पांघरूण घालून आपण मोकळे होतों. त्यांत उडीद किती आणि पाणी किती, हें निवडीत कोणी बसत नाहीं.

ही निवड करून पाहण्यास पुण्याचा प्लेग बरा. त्याला सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, आणि त्यांत आपल्यापैकीं कोणाची अब्रू गुंतलेली नाहीं अशी निदान आपली समजूत आहे. मुंबईस मांडवी भागांत सप्टेंबर १८९६ मध्यें हा रोग उघडकीस आला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला (तोच कायदा २०२० सालींहि आपल्या राज्यांत लागू करण्यांत आला), आणि लौकरच पुण्यांत रँडसाहेबांच्या हुकमतीखालीं गोरे सोल्जर घरोघर झडत्या घेऊं लागले. माजघर असो कीं देवघर, आडकाठी कशालाच नव्हती. रोगी सांपडला कीं तो इस्पितळांत आणि घरचीं माणसें सेग्रिगेशन कँपांत. पुढें २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर जें घडलें तें सर्वांस ठाऊक आहे. आम्हांला पाहावयाचें आहे तें घराच्या आंत काय घडलें तें.

आजाऱ्याच्या उशाशीं बसणें हें जेथें पुण्य, तेथें आजारी लपविणें हें पुण्य झालें, आणि खरें सांगणारा चहाडखोर ठरला. आमची पणजी तेव्हां पुण्यांतील एका वाड्यांत नांदत होती. तिच्या बारा वर्षांच्या दिराच्या जांघेंत गांठ आली. सोल्जर चौकांत शिरले तेव्हां मुलाला माळ्यावर गोधड्यांच्या ढिगाआड निजविलेलें होतें, आणि पणजीनें दारांत उभें राहून, देवाची शपथ वाहून, घरांत कोणी दुखणाईत नाहीं असें सांगितलें. मुलगा तिसऱ्या दिवशीं गेला. या खोट्या शपथेचें पणजीला जन्मभर कांहीं वाटलें नाहीं. उलट ती हकीकत ती अभिमानानें सांगे. तिला लागून राहिलेली गोष्ट वेगळी होती, आणि ती तिनें आमच्या आजीला एकदांच, अखेरच्या आजारांत सांगितली. मुलगा गेल्यावर माळा झाडून त्या गोधड्या नदीवर धुण्यास मोलकरणीला पाठविलें. तिनें विचारलें, तेव्हां साधा ताप होता असें सांगितलें. आठ दिवसांनीं ती कामावर येईनाशी झाली. तिच्या घरीं चौकशीला कोणी गेलें नाहीं. तिचें नांवहि आजीपर्यंत पोंचलें नाहीं.

सोल्जरांपुढील खोटें हे उडीद होते असें आम्ही मानतों. मोलकरणीपुढील खोटें तसें मानतां येत नाहीं. प्लेग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत पसरतो हें सिमाँ यानें १८९८ सालीं कराचीस दाखविलें, व तें सर्वमान्य व्हावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं. तेव्हां गोधड्यांतील पिसवांची पणजीला कल्पना असणें शक्य नव्हतें. पण स्पर्शानें रोग होतो एवढी तिची समजूत होती, आणि म्हणूनच तिनें स्वतः त्या गोधड्यांना हात लावला नव्हता. त्याच मार्च महिन्याच्या १० तारखेस, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतां करतां, सावित्रीबाई फुले त्याच रोगाला बळी पडल्या. आमच्या वाड्यांत त्या दिवशीं त्यांचें नांव निघालें असेल असें वाटत नाहीं.

त्याच वर्षीं खऱ्याखोट्याचा प्रश्न गोपाळ कृष्ण गोखले यांच्यापुढें निराळ्या रूपानें उभा राहिला. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेस गेले होते. वय अवघें ३१. सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केल्याची हकीकत, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरंवशावर, त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्रास सांगितली. परत आल्यावर पुरावा मिळेना, आणि लिहिणाऱ्यांनीं आपलीं नांवें उघड करूं नयेत म्हणून विनवणी केली. गोखल्यांनीं नांवें झांकून ठेविलीं, दोष एकट्यानें घेतला व जाहीर माफी मागितली. स्वकीयांनीं त्यांस भित्रे ठरविलें. आम्हीहि पुष्कळ वर्षें त्या टीकाकारांच्याच बाजूचे होतों. झडत्यांत जुलूम झालाच होता. मग एक आरोप सिद्ध होईना म्हणून मान कां तुकवावी? आतां तसें वाटत नाहीं. आपल्या पक्षाला सोयीचें तेंच खरें मानण्याची मुभा त्या काळानें सर्वांना दिली होती, आणि बहुतेकांनीं ती घेतलीहि. गोखल्यांनीं घेतली नाहीं. पुढें प्लेगच्या कामांत ते स्वयंसेवक म्हणून राबले, हें मात्र कोणी सहसा सांगत नाहीं.

आतां आमचेंच. एप्रिल २०२० मध्यें शेजारचे वृद्ध गृहस्थ वारले. अंत्यविधीस वीसांहून अधिक माणसें नकोत असा नियम होता; आम्ही गेलों नाहीं. त्याची खंत नाहीं. पण त्यांच्या पत्नीस फोन करण्याच्या आड कोणताच नियम नव्हता, आणि तो आम्ही अकराव्या दिवशीं केला. घरकामाच्या बाईंना तीन महिने येऊं नका म्हणून सांगितलें, तेंहि रास्तच होतें. एप्रिलचा पगार पुरा दिला, मेचा अर्धा, जूनचा दिलाच नाहीं. आमचें पेन्शन मात्र तिन्ही महिने पुरतें जमा झालें होतें.

बाई पुढें परत आल्या. त्यांनीं पैशांचा विषय काढला नाहीं, आम्हींहि नाहीं. गेल्या महिन्यांत जेवतांना पणजीची ही हकीकत निघाली, तेव्हां सूनबाई वाढतां वाढतां म्हणाली, “बाबा, आपल्या बाईंचा तो दीड महिन्याचा पगार राहिलाच ना?” पंगतींत कोणी बोललें नाहीं. पाकीट त्याच रात्रीं भरून ठेविलें. तें अजून टेबलावरच आहे, कारण देतांना काय म्हणावें हें ठरत नाहीं.