कुस्तीची लीग आणि बौद्धवाडीतला पोरगा

नोव्हेंबर २०१८मध्ये पुण्याच्या बालेवाडीत ‘झी महाराष्ट्र कुस्ती दंगल’ झाली. पुणेरी उस्ताद, कोल्हापुरी मावळे, यशवंत सातारा, वीर मराठवाडा, विदर्भाचे वाघ, मुंबई अस्त्र असे सहा संघ. नावात महाराष्ट्र, पण कोकणच्या नावाचा संघच नाही! एका हंगामानंतर ही लीग टिकली नाही. ती चालली असती तर गरिबाचा पोरगा वर आला असता, असं आपल्यातलेच काही जण अजून म्हणतात.

आम्हाला हे मान्य नाही. लीग तयार पैलवान घेते, घडवत नाही. पैलवान तालमीत घडतो आणि त्याला वर्षानुवर्षे दूध, तूप, बदाम लागतात. ज्याचे आजे-पणजे खोताच्या जमिनीवर राबले (बाबासाहेबांनी १९३७ला खोतीविरुद्ध विधेयक उगाच आणलं नव्हतं), त्या भूमिहीनाने खुराक आणायचा कुठून? शाहू महाराजांना हे कळत होतं. कोल्हापुरात खासबाग मैदान बांधणाऱ्या या राजाने पैलवान दरबारी खर्चाने पोसले, टीआरपी बघून नव्हे.

आता ते काम सरकारचं. तेव्हा रत्नागिरीच्या कार्यकर्त्यांनो, लीगसाठी कसले गळे काढता? अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीतून वाडीत तालीम, मॅट आणि पोरापोरींच्या खुराकाचा खर्च मागा. निवेदन द्यायला आम्ही सोबत येतो.