शांबोरला बसने जाऊ नका

सिंहगडावर गाडीने जाऊन पिठलं-भाकरी खाणाऱ्यांना आपण मनसोक्त नावं ठेवतो. "गड चढून जायचा असतो रे!" वगैरे. आणि हेच आपण ऑनसाइटला पॅरिसात पोचलो की काय करतो? 'एका दिवसात तीन किल्ले' असलं पॅकेज घेतो, एसी बसमध्ये पेंगतो, शांबोरच्या पार्किंगमध्ये उतरतो, फोटो काढतो आणि पुढच्या किल्ल्याकडे सुटतो. माझं म्हणणं सरळ आहे. धडधाकट असाल तर शांबोरला सायकलने जा. नाहीतर पॅरिसमध्येच कॉफी पीत बसा, पैसे तरी वाचतील.

हा फिटनेसचा उपदेश नाही हं. कारण त्या इमारतीतच आहे.

मुळात शांबोर आपल्या अर्थाने किल्ला नाहीच. बुरूज आहेत, पण शोभेचे. फ्रान्स्वा पहिला या राजाने १५१९ मध्ये बांधायला घेतलेला हा शिकारीचा महाल. चारशेच्या वर खोल्या, आणि राजेसाहेब ३२ वर्षांच्या कारकिर्दीत तिथे राहिले म्हणे सगळे मिळून ७२ दिवस. (लोणावळ्याला सेकंड होम घेतलेल्यांनी मनावर घेऊ नये :-)) ते यायचे तेव्हा फर्निचर आणि खाणंपिणं बरोबर लादून आणावं लागे, कारण भोवती जंगल. पुढे १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर लूव्ह्रमधली चित्रं पॅरिसबाहेर हलवली, तेव्हा मोनालिसासकट शेकडो चित्रं आधी इथेच आली. का? तर बॉम्ब पडतील अशा ठिकाणांपासून ही जागा लांब होती म्हणून. राजाला हवं होतं ते लांबपण, चित्रं वाचली ती लांबपणामुळे, आणि बस नेमकं तेच पुसून टाकते. मग उरतो फक्त एक मोठा दगडी वाडा, तिकिटाची रांग आणि "बाकी काही नाही रे तिथे" हा शेरा.

सायकलने काय होतं बघा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनवरून ब्लुआला रेल्वेने या. सायकल तिथे भाड्याने मिळते. पूल ओलांडून ल्वार नदीच्या डाव्या तीराला लागायचं, आणि पाट्या बघत नदीच्या कडेकडेने सां-दिये या गावापर्यंत जायचं. या गावात जरूर थांबा. शांबोरचं बंदर ते हेच. महालाचा पांढरा, मऊ चुनखडीचा दगड नावांतून इथे उतरायचा आणि पुढे गाड्यांवर लादून जंगलात जायचा. तुम्ही वळता तेही त्याच दिशेने. थोड्याच वेळात एक भिंत लागते. ही भिंत ३२ किलोमीटर लांब आहे आणि तिच्या आत ५,४४० हेक्टर रान आहे, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या निम्म्याहून थोडं जास्त. त्यात हरणं आणि रानडुकरं आहेत. हा आकडा बसमध्ये गाईड सांगतोच, पण तो कळतो मात्र पायडल मारताना. मग झाडी सरते आणि समोर धुराड्यांचं ते अचाट छप्पर उभं राहतं. इथवर अंतर वीस किलोमीटरच्या आसपास. दगडांना याहून जास्त वेळ लागला होता, तुम्हाला थांबत थांबत दोन तास पुरतील.

आता नेहमीच्या सबबी. "दमायला होईल." अहो, नदीकाठ सपाट आहे. शव्हेर्नीमार्गे परतलात तर फेरी पन्नासेक किलोमीटरची होते, तिला 'मध्यम' म्हणतात ते अंतरामुळे, चढामुळे नाही. (शव्हेर्नी म्हणजे टिनटिनमधल्या कॅप्टन हॅडॉकच्या वाड्याचं मूळ. हर्जेने फक्त दोन बाजूंच्या इमारती उडवल्या.) "गाड्यांची भीती वाटते." बराचसा रस्ता आडवाटेचा आहे, आणि फ्रान्समध्ये सायकलला ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवणं हा कायदा आहे, मेहेरबानी नाही. "एका दिवसात एकच किल्ला?" हो, एकच. फार तर दोन. तीन किल्ले बघून आलेल्या माणसाला आठवड्याने विचारा, दुहेरी जिना कुठल्या किल्ल्यात होता. उत्तर मिळालं तर मला कळवा.

दुसऱ्या टोकाला आपले कार्बन फ्रेमवाले. त्यांना हा रूट 'फारच फ्लॅट' वाटतो. स्ट्राव्हावर सेगमेंट मारायचा, महालासमोर एक सेल्फी, की परत. मित्रांनो, तुम्ही बसमध्येच बसला आहात, फक्त इंजिन तुम्ही आहात. सां-दियेला न थांबता गेलात तर तुमच्यात आणि त्या बसमध्ये फरक काय? गावातल्या बेकरीला दोघांकडूनही एक दमडी मिळत नाही.

ज्यांना झेपत नाही त्यांच्याबद्दल मी बोलत नाहीये. आई-बाबांना खुशाल गाडीने न्या, किंवा इलेक्ट्रिक सायकल विचारून बघा. मी बोलतोय पंचविशी-तिशीतल्या, दर शनिवारी गडावर जाणाऱ्या आणि व्हिसा मिळताच टूर ऑपरेटरला फोन लावणाऱ्या मंडळींशी. घाट चढून जाणाऱ्याला गड जास्त कळतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शांबोरला डोंगर नाही म्हणून तो नियम बदलत नाही. इथे चढणीच्या जागी अंतर आहे, एवढंच.

असो. पुढच्या खेपेला तिकीट ब्लुआचं काढा.