घरामागची भारंगी

मुळशीत पाऊस स्थिरावला की उरवड्याच्या डोंगरउतारावर एक निळे फूल दिसू लागते. झुडूप कमरेएवढे, क्वचित खांद्याला लागेल इतके. पाने लांबट, कडेला करवतीसारखे दाते. एका पेऱ्यावर दोन समोरासमोर, कधी तीन. शेंड्याला फुलांचा उभा तुरा. प्रत्येक फुलाला पाच पाकळ्या असतात. त्यांतल्या चार फिक्या निळ्या, जवळजवळ पांढुरक्या, आणि खालची पाचवी गडद जांभळट निळी. मधून लांब वळलेले केसर बाहेर येतात. दुरून फुलपाखरू बसल्यासारखे वाटते. सुबहानअल्लाह म्हणावे असेच रूप.

पिरंगुटहून मुठा खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या गावात राहायला आलो त्याला आता नऊ पावसाळे झाले. हे झुडूप घरामागे शंभर पावलांवर होते, मुलांच्या चित्रकलेच्या वहीतही होते. ते ताटात येऊ शकते हे मात्र शेजारच्या मावशींकडून कळले. त्या ओच्यात फुले खुडून परत येत होत्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "बाई, ही भारंगी. पाला खावा, फुलं खावी. मुळाला हात लावायचा नाय." या शेवटच्या वाक्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

शिक्षकाच्या घरात नवा शब्द आला की त्याची चौकशी होतेच. संस्कृतात ती भार्ङ्गी. हा शब्द आमच्या आठवीच्या वर्गाला फळ्यावर लिहून दाखवला तर ती जोडाक्षर पाहूनच खूश झाली. उर्दूत लिहायला सोपी, फक्त 'भ' साठी दो-चश्मी हे विसरायची नाही. लिनियसने १७६७ मध्ये या झाडाला नाव देताना पानांच्या दात्यांवरून 'सेराटा' म्हणजे करवतीदार हा शब्द घेतला. पुढे कुळ-गोत्र बदलत गेले आणि १९९८ पासून शास्त्रज्ञ तिला 'रोथेका सेराटा' म्हणतात. आम्हाला सर्वांत आवडले ते केरळातले नाव, चेरुतेक्कु, म्हणजे छोटा साग. भारंगी आणि साग ही झाडे एकाच कुळातली आहेत हे आज वनस्पतिशास्त्र सांगते, आणि ते कुळ आपल्या अंगणातल्या तुळशीचे, रैहानचे आणि पुदिन्याचेही आहे. डोंगरातल्या माणसांनी भिंग न घेता नाते ओळखले होते.

आता स्वयंपाकाचे. भाजी कडवट असते, हे आधीच सांगून ठेवतो. पहिल्या पावसानंतरची कोवळी पाने घ्यायची, जून झाली की ती चरबरीत लागतात. फुले घेणार असाल तर देठ आणि जाड दांडे काढून टाकायचे. पाण्यात एक उकळी आणायची, ते पाणी ओतून द्यायचे, गार झाल्यावर भाजी दोन्ही तळव्यांत घट्ट पिळायची. टोपलीभर फुलांचा लिंबाएवढा गोळा होतो, म्हणून मनाची तयारी ठेवावी. मग तेलात लसूण आणि हिरवी मिरची, भरपूर कांदा, रात्री भिजवलेली हरभऱ्याची डाळ किंवा सोललेले वाल, आणि शेवटी ती पिळलेली भाजी. झाकण ठेवून वाफ आणायची. मावशींच्या घरी एवढेच. आमच्या घरी अम्मींनी दुसऱ्याच खेपेला त्यात मूठभर भाजलेली सुकट टाकली आणि दस्तरखानावरचा वाद मिटला. धाकटा अजूनही फक्त सुकट वेचून खातो. तांदळाची भाकरी हवीच, चपातीबरोबर ती चव उतरत नाही.

दवेचा भाग जरा जपून सांगायचा आहे, कारण तो आमच्या घरातलाच आहे. अब्बांना दम्याचा जुना त्रास. आयुर्वेदात भारंगीचे मूळ खोकला आणि श्वास यांवर वापरतात. भारंगी-गुळ हे औषध तिच्याच नावाचे, आणि दम्यावर दिल्या जाणाऱ्या कनकासवातही ती असते. भारंगी घरामागेच आहे ही बातमी नात्यात पोहोचली तेव्हा फोन सुरू झाले. "मूळ उकळून द्या, पंप सुटेल," असे तीन ठिकाणांहून सांगणे आले. सांगणाऱ्यांची मोहब्बत खरी होती. अब्बांनाही पंप नकोसा झालेला, त्यामुळे ते कुदळ शोधायला निघाले.

कुदळ आम्ही दिली नाही. दोन कारणे होती. एक म्हणजे कुठल्याही काढ्याची मात्रा ठरवणे हे फोनवरच्या नातेवाइकाचे काम नाही. अब्बांच्या डॉक्टरांना विचारले, ओळखीच्या वैद्यांनाही विचारले. दोघांचे एका गोष्टीवर एकमत होते: पंप बंद करायचा नाही. दम्याचा झटका काढा मुरेपर्यंत थांबत नाही. वैद्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. देशात वेगवेगळ्या ठिकाणी भारंगी म्हणून वेगवेगळ्या झाडांची मुळे विकली जातात, त्यामुळे दुकानातून पुडी आणली तरी आत काय आहे हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. अब्बा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी मात्र मागून घेतली.

दुसरे कारण मावशींचे. पाला खुडला तर झुडूप पुन्हा फुटते. फुले खुडली, पण चार तुरे ठेवले, तर काळी-जांभळी फळे धरतात आणि पाखरे बी पसरवतात. मूळ काढले की त्या जागी खड्डा उरतो. एका घराने एक मूळ काढले तर डोंगराला जाणवणार नाही, पण औषधाचा गाजावाजा झाला की गोणी घेऊन माणसे येतात. भाजी म्हणून जपलेले झाड टिकते आणि औषध म्हणून नाव झालेले उपटले जाते, असे आमचे मत झाले आहे. रानभाज्यांचे महोत्सव भरतात हे चांगलेच, तिथे बायकांना चार पैसे मिळतात. तिथे मुळ्यांची जुडी विकायला ठेवलेली दिसली तर आम्ही मात्र ती घेणार नाही.

ओळख शिकायची तर माणसाकडून शिकावी, मोबाइलमधल्या फोटोवरून नाही. याच उतारावर, याच दिवसांत कळलावीही फुलते. लाल-पिवळी, ज्वाळेसारखी, भारंगीपेक्षा किती तरी देखणी. तिचा कंद पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. शाळेत आम्ही मुलांना आधी कळलावी ओळखायला शिकवतो, भारंगी नंतर.

पण शिकवणारी माणसेच कमी होत चालली आहेत. मावशींच्या वयाच्या बायकांना कुर्डू, टाकळा, फोडशी, चाईचा मोहर सगळे ठाऊक. त्यांच्या सुना सकाळी आठला कंपनीच्या गाडीची वाट बघत उभ्या असतात. डोंगरावर जायला त्यांना वेळ कुठून मिळणार? उरवडे हे नाव राज्याने ऐकले तेच मुळी ७ जून २०२१ च्या कारखान्यातल्या आगीमुळे. १७ कामगार गेले, त्यांत बहुतेक बायका होत्या. भाजी खुडायचे दिवस तेव्हा नुकतेच सुरू होत होते. त्यांच्यातल्या किती जणींना आईने, सासूने ही झुडपे दाखवली असतील, ते आता कोण विचारणार.

आणि खुद्द उताराचे काय? दिवाळीनंतर तिथे चुन्याच्या रेघा आणि खुंट्या दिसू लागल्या. प्लॉट पडणार आहेत. जेसीबी आला की आधी झाडोराच काढतात. मोठे झाड असेल तर कुणी तरी परवानगीचे विचारते, झुडपाला कुणी विचारत नाही. जमीनमालक भला माणूस आहे. "न्या की बाई, मला त्याचा काय उपयोग," म्हणाला. थंडीत मुलांनी जमवलेले बी पिशव्यांत पेरले आहे. उगवण सावकाश आहे, बत्तीस पिशव्यांपैकी अकरांत हिरवे दिसते. मोठी झुडपे मातीच्या गड्ड्यासकट हलवायची, पण आता नाही, पहिला पाऊस मुरल्यावर, असे मावशींनी बजावले आहे. जूनपर्यंत काम सुरू झाले नाही तर सात झुडपे शाळेच्या कुंपणालगत येतील. खड्ड्यांच्या जागा अब्बांनी आखून ठेवल्या आहेत, आणि कुदळ आता त्यांच्याकडेच आहे.