काल्पनिक मालक आणि खरी दुखापत

अमेरिकेत सप्टेंबर ते जानेवारी या काळात दर आठवड्याला लक्षावधी माणसे एकाच प्रश्नाचा खल करीत असतात : दुखापत झालेल्या अमुक खेळाडूला या रविवारी संघात उतरवावे, की बाकावर बसवावे? ही माणसे कोणत्याही संघाचे प्रशिक्षक नव्हेत. 'फँटसी फुटबॉल' या खेळातील ते काल्पनिक मालक होत. अंगावर आदळून प्रतिस्पर्ध्याला अडविण्याचा जो अमेरिकी फुटबॉल, त्याच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमधील खऱ्या खेळाडूंची ते हंगामाच्या आरंभी आपसांत वाटणी करून घेतात. खेळाडू चेंडू घेऊन दहा यार्ड धावला की एक गुण, टचडाउन केला की सहा, अशी सर्वसाधारण रीत आहे. बाकावर ठेवलेल्या खेळाडूचे गुण मोजले जात नाहीत. म्हणून या प्रश्नाला एवढे महत्त्व.

या खेळाचा जन्मच मालकाच्या घरचा आहे. ऑकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी १९६२ साली काही सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात त्याची नियमावली रचली. जी नजर तोवर मूठभर मालकांची होती, ती या खेळाने प्रेक्षकांच्या घराघरांत पोहोचविली.

वरवर पाहता हा निर्णय म्हणजे अर्थशास्त्राचा एक उत्तम धडा आहे. जायबंदी खेळाडूंची स्थिती 'अनिश्चित', 'साशंक' की 'बाद', हे प्रत्येक संघाला जाहीर करावे लागते. आणि त्या दिवशी कोण खेळणार नाही याची अंतिम यादी सामन्यापूर्वी दीड तास प्रसिद्ध होते. तोवर काल्पनिक मालकाचे गणित चालू असते. आरंभी ज्याला वरचा क्रम देऊन घेतले, त्याला केवळ त्या कारणाने खेळविणे ही बुडीत खर्चाची चूक होय, हे तो शिकतो. आघाडीवर असेल त्याने बेताचे पण खात्रीचे गुण देणारा धडधाकट खेळाडू निवडावा आणि पिछाडीवर असेल त्याने जायबंदी नामवंतावर धोका पत्करावा, हेही त्याला कळते. यात बुद्धी लागते, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु या हिशेबात एक रकाना नाही. मांडीचा स्नायू दुखावलेला खेळाडू मैदानात उतरला, तर मिळणारे गुण काल्पनिक मालकाचे; स्नायू पुरता फाटला, तर ती हानी खेळाडूची. त्यातच एनएफएलमधील बहुतेक करारांतील पूर्ण रकमेची हमी नसते. कारखान्याच्या धुराची किंमत मालकाच्या वहीत न चढता शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांत चढते, तसाच हा प्रकार आहे. धोका पत्करणारा एक, आणि तो अंगावर झेलणारा दुसरा!

२ जानेवारी २०२३ रोजी सिनसिनाटी येथील सामन्यात बफेलो बिल्स संघाचा डामार हॅमलिन हा खेळाडू एका धडकेनंतर हृदयक्रिया बंद पडून कोसळला. सामना थांबविण्यात आला आणि पुढे रद्दच झाला. अनेक फँटसी लीगांची अंतिम फेरी नेमकी त्याच आठवड्यात होती. एक तरुण मरणाच्या दारात असताना न झालेल्या खेळाचे गुण कसे मोजावेत, असा प्रश्न चालकांपुढे उभा राहिला. हॅमलिन वाचला आणि पुन्हा खेळूही लागला. त्या रात्री मात्र गुणांच्या आकड्यामागे एक देह असतो, हे सर्वांना दिसले.

'उतरवावे की बसवावे' या विचाराचे खरे स्वरूप १९८७ साली उघड झाले होते. संघ निवडण्याच्या स्वातंत्र्यासाठी खेळाडूंच्या युनियनने संप पुकारला, तेव्हा मालकांनी सरळ दुसरे खेळाडू उतरवून तीन आठवडे सामने चालविले आणि २४ दिवसांत संप मोडला. गिरणगावाला 'बदली'चा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. युनियनने पुढे न्यायालयात झुंज दिली आणि १९९३ साली ते स्वातंत्र्य पदरात पाडून घेतले. ज्यांना बाकावर बसविता येते, ते संघटित झाले तर नियम बदलता येतात, हा त्या लढ्याचा बोध आहे.

चार मित्रांनी हंगामभर चालविलेल्या लीगमध्ये गैर काय, असे कोणी विचारील. त्यात स्नेह आहे, हे मान्य. प्रश्न आहे तो या स्नेहाच्या आडून उभ्या राहिलेल्या व्यापाराचा. 'हा कौशल्याचा खेळ आहे' हा व्यापाराचा मुख्य बचाव. अमेरिकेच्या २००६ च्या कायद्याने काही अटींवर फँटसी खेळांना सूट दिली. भारतात हाच बचाव न्यायालयांत अनेक वर्षे टिकला. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून, कौशल्य असो वा दैव, पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ड्रीम११ ला पैशाच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या. खेळणाऱ्याच्या खिशाचा विचार त्यामुळे झाला. खेळाडूच्या देहाचा विचार अद्याप व्हावयाचा आहे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी या करमणुकीकडे केवळ नाक मुरडून पाहू नये. स्वतः वेतनावर जगणारा माणूस दुसऱ्या श्रमिकाकडे मालकाच्या नजरेने पाहू लागतो, ही तिच्यातील चिंतेची बाब आहे. भर पावसात उशिरा पोहोचलेल्या डिलिव्हरीच्या पोराला घरबसल्या एकच तारा देणारे बोट याच शाळेत शिकलेले असते. दुखापतीच्या काळात पूर्ण वेतन, कराराची हमी आणि खेळण्यास नकार देण्याचा अधिकार या मागण्या मैदानावरच्या असोत वा रस्त्यावरच्या, त्यांच्या बाजूने उभे राहणे हेच आपले काम आहे. खेळाडू उतरेल की बसेल, याचा पहिला निर्णय ज्याची मांडी दुखते त्याचा असला पाहिजे.