तलवार नवी, पण असुर तेवढाच भारी? पडद्यामागचं गणित समजून घ्या

ओझरच्या विघ्नहराचं दर्शन घेतलेल्यांना विघ्नासुराची गोष्ट ठाऊक असते. समजा, असाच एखादा असुर ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममध्ये आहे आणि तुम्ही पाच मित्र मिळून त्याला हरवायला निघालात. एकट्याला जड जाणारा असुर पाच जणांसमोर दोन मिनिटांत आडवा होईल. मग मजा काय राहिली?

म्हणून सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट चालते. ती खेळाडू मोजते आणि त्यानुसार शत्रूची हेल्थ ठरवते. २००० साली आलेल्या 'डायब्लो २'चा नियम सोपा होता: गेममधल्या प्रत्येक जादा खेळाडूमागे हेल्थ मूळच्या ५० टक्क्यांनी वाढायची. एकट्यासाठी १०,००० असेल, तर पाच जणांसाठी ३०,०००. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला फक्त ६,०००. लढाई मोठी होते, पण एकत्र येण्याचा फायदाही उरतो.

हा हिशेब तुमच्या फोनवर का होत नाही? कारण फोनमधलं ॲप बदलता येतं. कुणीतरी मॉड केलेली एपीके टाकून असुराची हेल्थ १ करून ठेवेल!

खरी मेख पुढे आहे. मार्च २०१७ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये नवा अपडेट आला. काही दिवसांत खेळाडूंच्या लक्षात आलं, की चांगली शस्त्रं-चिलखत घातलं की बाहेरच्या जगातले शत्रूही दणकट होतात. काहींनी तर चिलखत उतरवून लढून पाहिलं! राग होता तो हे आधी न सांगितल्याचा. शेवटी कंपनीला खुलासा करावा लागला.

गणित बघा. जुन्या तलवारीचा घाव ५००, असुराची हेल्थ १०,०००: वीस घाव. नवी तलवार १,००० ची, पण असुरही २०,००० चा: पुन्हा वीसच घाव. ती तलवार पैसे देऊन घेतली असेल तर?

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचा रोख पैसे लावून खेळायच्या गेम्सवर आहे. तलवारीचं हे गणित आपल्यालाच तपासावं लागतं.

त्यामुळे खरेदीआधी एक करा: एकाच शत्रूला जुन्या आणि फुकट मिळालेल्या नव्या शस्त्राने मारून बघा आणि घाव मोजा. आकडा कमी झाला नाही, तर पैसे खिशातच ठेवा.